शेपटीने मारलेला चेंडू : बिलियर्ड्‌सच्या काठीचा तोल कसा घडला

शाळेच्या आवारात झाडलोट करण्यासाठी बांबूच्या लांब दांड्याला बांधलेला खराटा असतो. तो वर्गात आणा. एका बोटावर आडवा धरून त्याचा तोल साधा. जिथे तो स्थिर राहतो तिथे खडूने खूण करा आणि मुलांना विचारा, "या खुणेवर करवतीने कापून दोन तुकडे केले आणि तराजूत घातले, तर कोणता तुकडा जड भरेल?"

बहुतेक मुले सांगतील, "दोन्ही सारखे." तोल साधला म्हणजे दोन्हीकडचे वजन सारखे, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात खराट्याकडचा आखूड तुकडा जड भरतो आणि दांड्याचा लांब तुकडा हलका. तोल साधताना दोन्ही बाजूंची वजने सारखी होत नाहीत. वजन आणि टेकूपासूनचे अंतर यांचा गुणाकार सारखा होतो. जड वस्तू टेकूच्या जवळ, हलकी लांब. भाजीवाल्याच्या तराजूत दोन्ही दांड्या समान लांबीच्या असतात, म्हणून तिथे हा फरक आपल्या लक्षात येत नाही.

आता तो खराटा दांड्याच्या टोकाकडून धरून जमिनीला समांतर उचला. हाताला चांगलाच ताण बसतो. मग उलटा करून खराट्याच्या जवळ धरा. वजन तेवढेच, पण काठी एकदम सोपी वाटते. दांड्याचे मोकळे टोक हवे तिकडे नेमके वळवता येते.

खराटा असा उलटा धरण्यात एका खेळाच्या काठीचा तीन-साडेतीनशे वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. ती काठी म्हणजे बिलियर्ड्‌स, स्नूकर आणि पूल या खेळांतला 'क्यू'.

जड डोक्याची काठी

बिलियर्ड्‌स हा मुळात अंगणातला, हिरवळीवर खेळायचा खेळ होता आणि तो पुढे घरात टेबलावर आला, असे मानले जाते. टेबलावरचे हिरवे कापड ही त्या हिरवळीचीच आठवण. पंधराव्या शतकात फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्याकडे असे टेबल असल्याची नोंद आहे.

त्या काळी चेंडू मारायला क्यू नव्हता. होती ती 'मेस' नावाची काठी. बारीक दांडा आणि पुढे लाकडाचे रुंद, जड डोके. खेळणारा उभा राही, दांड्याचे बारीक टोक खांद्याच्या बाजूला वर धरी, डोके टेबलावर चेंडूमागे टेकवी आणि चेंडू पुढे ढकली. आपल्या खराट्यासारखाच प्रकार : वजन सगळे पुढे, हात मागे.

मग ही काठी हाताला जड वाटत नसे काय? फारशी नसावी. कारण डोके टेबलावर टेकलेले असे. पुढचा भार टेबल पेलत होते. खेळाडूने फक्त सरकवायचे.

इंग्लंडमध्ये १६७४ साली चार्ल्स कॉटन याचे खेळांविषयीचे एक पुस्तक निघाले. त्यात बिलियर्ड्‌सचे वर्णन आहे. काठी जड लाकडाची असावी, रुंद टोकाला हस्तिदंत बसवलेला असावा आणि डोके दांड्यात घट्ट बसलेले असावे, असा त्याचा सल्ला होता. डोके ढिले असेल तर फटका पोकळ लागतो आणि चेंडू जोमाने धावत नाही, असेही त्याने बजावले. म्हणजे त्या काळच्या जाणकारांचे सगळे लक्ष काठीच्या पुढच्या टोकावर होते.

शेपूट पुढे आली

मेसची एक मोठी अडचण होती. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटून थांबला की रुंद डोके त्याच्यामागे मावत नसे. अशा वेळी खेळाडू काठी उलटी करीत आणि दांड्याच्या बारीक टोकाने चेंडू मारीत. या टोकाला फ्रेंच भाषेत म्हणत 'क्यू', म्हणजे शेपूट. बससाठी आपण ज्या 'क्यू'त उभे राहतो, तोही हाच शब्द. माणसांच्या रांगेची शेपूट आणि काठीची शेपूट यांचे मूळ एकच आहे.

अडचणीपुरती वापरलेली ही शेपूट हळूहळू आवडू लागली. एक तर टोक बारीक, म्हणून चेंडूच्या नेमक्या बिंदूवर मारता येई. दुसरे म्हणजे मारताना वाकावे लागे. वाकल्यावर डोळा काठीच्या रेषेत येई आणि नेम सुधारे. तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा. मेसने चेंडू ढकलला जात असे. शेपटीने तो मारला जाऊ लागला. ढकलणे म्हणजे बराच वेळ लावलेले बल, मारणे म्हणजे क्षणभराचा आघात.

अठराव्या शतकात डोके नसलेली सरळ काठी स्वतंत्रपणे बनू लागली आणि तिलाच 'क्यू' हे नाव मिळाले. मेस लगेच नाहीशी झाली नाही. बारीक टोकाने कापड फाटेल या भीतीने बऱ्याच ठिकाणी नवशिक्यांच्या हाती मेसच दिली जाई. तरी एकोणिसावे शतक उजाडेपर्यंत क्यूचा विजय झालेला होता.

या अदलाबदलीत काठीच्या तोलाचे काय झाले ते पाहा. क्यू टेबलाला टेकत नाही. डाव्या हाताच्या बोटांची कमान करून तीवर काठी ठेवायची आणि उजव्या हाताने मागून पुढे सरकवायची. पूर्वी टेबलावर पडणारा पुढचा भार आता डाव्या हाताच्या बोटांवर आला. भार जास्त असेल तर बोटे आणि काठी यांच्यातले घर्षणही जास्त, आणि काठी अडखळत सरकणार. म्हणून पुढचे टोक हलके हवे आणि वजन मागे हवे. काठी उलटी झाली, आणि तिचे वजनही मागे गेले.

चामड्याची चकती

सुरुवातीच्या क्यूचे टोक नुसत्या लाकडाचे होते. चेंडूच्या मध्यापासून जरा बाजूला मारले की टोक घसरत असे. टोकाला थोडी खडी यावी म्हणून खेळाडू ते भिंतीच्या गिलाव्यावर घासत.

यावर उपाय सापडला तो फ्रेंच सैन्यातल्या एका कप्तानाला. त्याचे नाव फ्रांस्वा मिंगो. तो तुरुंगात असताना तिथे त्याला बिलियर्ड्‌सचे टेबल उपलब्ध होते आणि या खेळात तो इतका रमला की सुटकेची वेळ आली तेव्हा त्याने आणखी काही दिवस राहू देण्याची विनंती केली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी-खोटी कशीही असो, क्यूच्या टोकाला चामड्याची चकती बसवण्याची कल्पना १८०७ च्या सुमारास त्याने पक्की केली, याचे श्रेय त्यालाच दिले जाते. आपल्या खेळाविषयीचे पुस्तक त्याने १८२७ साली प्रसिद्ध केले.

चामडे किंचित दबते आणि चेंडूला धरून ठेवते. त्यामुळे चेंडूच्या मध्यापासून बाजूला, वर किंवा खाली मारून त्याला फिरकी देता येऊ लागली. आदळून मागे येणारा चेंडू, वळण घेणारा चेंडू पाहून लोक थक्क होत. टोकाला लावायचा खडूही या काळात आला. १८९७ साली अमेरिकेत स्पिंक्स आणि हॉस्किन्स यांनी सिलिकायुक्त खडूचे पेटंट घेतले. आजचा निळा 'खडू' त्याच वंशातला. त्यात आपल्या फळ्यावरचा खडू नसतो.

फिरकीमुळे या खेळाकडे गणितज्ञांचेही लक्ष गेले. फिरत्या पृथ्वीवरील वाऱ्यांच्या संदर्भात ज्याचे नाव आपण भूगोलात शिकवतो, त्या कोरिऑलिसने १८३५ साली बिलियर्ड्‌सच्या गणिती सिद्धांतावर एक पुस्तक लिहिले. चेंडूच्या उंचीच्या सात-दशांशावर आडवा फटका मारला तर चेंडू घसरत न जाता पहिल्या क्षणापासून गडगडत जातो, हे गणिताने दाखवता येते. विशेष म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जोडला गेलेला त्याचा प्रसिद्ध निबंधही त्याच वर्षीचा.

सुतारांनी वजन मागे नेले

फिरकी आली तसा क्यू अधिक नेमका हवा झाला. ही गरज सुतारांनी तीन युक्त्या करून भागवली. त्या समजून घेण्यासाठी थोडा हिशोब करू. साधारण पूलचा क्यू १४७ सेंटिमीटर लांब आणि सुमारे ५४० ग्रॅम वजनाचा असतो. टोकाची जाडी १३ मिलिमीटर, मागच्या बुडाची सुमारे ३१ मिलिमीटर.

समजा, हे ५४० ग्रॅम सगळीकडे सारख्या जाडीच्या काठीत असते, तर गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर, म्हणजे बुडापासून ७३.५ सेंटिमीटरवर आला असता.

पहिली युक्ती निमुळतेपणाची. एकाच लाकडाची काठी पुढे बारीक आणि मागे जाड केली की गुरुत्वमध्य बुडापासून सुमारे ५४.५ सेंटिमीटरवर येतो. वरच्या मापांवरून शंकूच्या छेदाचे सूत्र वापरून हे पडताळता येईल. नुसत्या रंधा मारण्याने तोल १९ सेंटिमीटर मागे सरकला! पण मेपलच्या लाकडाची अशी काठी फक्त चारशे-सव्वाचारशे ग्रॅम भरते. उरलेले सव्वाशे ग्रॅम कुठे घालायचे, हा प्रश्न राहतो.

दुसरी युक्ती दोन लाकडांची. पुढचा भाग ॲश किंवा मेपलचा ठेवायचा आणि मागे एबनी किंवा शिसवीच्या जातीचे जड लाकूड जोडायचे. नुसते चिकटवलेले सपाट तोंड टिकत नाही, म्हणून दोन्ही लाकडांना लांब पाचरी कापून त्या एकमेकांत गुंतवतात. क्यूवर दिसणारी लांब टोकदार नक्षी ही मुळात शोभेसाठी नाही. ती या सांध्याची खूण आहे. सांध्याची लांबी जितकी जास्त तितकी डिंकाला धरायला जागा जास्त.

तिसरी युक्ती शिशाची. बुडाला भोक पाडून त्यात शिशाचा तुकडा किंवा जड बोल्ट बसवायचा. बुडापासून ५ सेंटिमीटरवर एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम घातले तर तोल आणखी २ सेंटिमीटर मागे जातो. या साऱ्या खटपटीनंतर गुरुत्वमध्य बुडापासून सुमारे ४७ सेंटिमीटरवर येतो.

आता डाव्या हाताचे काय होते ते पाहा. उजवा हात बुडापासून २५ सेंटिमीटरवर आणि डाव्या हाताची कमान १२२ सेंटिमीटरवर आहे असे धरा. तरफेच्या नियमाने, सारख्या जाडीच्या काठीत डाव्या हातावर २७० ग्रॅम भार आला असता. त्याच वजनाच्या निमुळत्या काठीत तो सुमारे १६५ ग्रॅम होतो, आणि पूर्ण तयार क्यूमध्ये फक्त १२० ग्रॅमच्या आसपास. काठीचे वजन तेच, पण कमानीवरचा भार निम्म्याहून कमी झाला.

विसाव्या शतकात या कामाला कलेचा दर्जा आला. जॉर्ज बालाबुश्का हे त्यातले मोठे नाव. १९१२ साली रशियात जन्मलेला हा मुलगा १९२४ साली अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्कमध्ये लाकूडकाम करू लागला. १९५९ पासून त्याने क्यू बनवायला घेतले. ब्रन्स्विक कंपनीच्या तयार क्यूंतले लाकूड घेऊन तो ते नव्याने घडवी. १९७५ साली त्याचे निधन झाले. त्याचे क्यू आज संग्राहक जपून ठेवतात.

या काठीचा आपल्याशीही संबंध आहे. स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला असे मानतात. आणि कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय क्यू हातात घेऊनच खेळत होता : पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स. १९५८ साली कलकत्त्यात झालेल्या जागतिक हौशी बिलियर्ड्‌स स्पर्धेत त्याने हा मान मिळवला.

चेंडूला काय कळते?

इथपर्यंतचा सगळा विचार हाताच्या बाजूने झाला. आता चेंडूच्या बाजूने विचार करू. गुरुत्वमध्य मागे आहे की पुढे, हे चेंडूला कळते का?

चेंडूच्या बरोबर मध्यावर सरळ फटका मारला तर नाही. काठी आपल्या लांबीच्या दिशेने येऊन आदळते. तिचे एकूण वस्तुमान आणि वेग एवढेच इथे महत्त्वाचे. वजन बुडात असो की पुढे, चेंडूचा वेग तोच. एकूण वजनाचा परिणामही आपण समजतो तेवढा नाही. पूलचा चेंडू सुमारे १६५ ग्रॅमचा असतो. पूर्ण स्थितिस्थापक टक्कर धरली, तर ५४० ग्रॅमच्या क्यूने चेंडूला क्यूच्या १.५३ पट वेग मिळतो. क्यू ६०० ग्रॅमचा केला तर १.५७ पट. वजन अकरा टक्के वाढवले आणि फायदा अडीच टक्के! जड क्यूने चेंडू फार जोरात जातो ही समजूत इथे अडचणीत येते. हाताला जड काठी तेवढ्याच वेगाने पुढे नेता येत नाही, हे आणखी वेगळेच.

पण फटका मध्यापासून बाजूला मारला की चित्र बदलते. समजा, आपण चेंडूच्या उजव्या बाजूला मारले. चेंडू फिरू लागतो आणि ज्या ठिकाणी टोक टेकले आहे तो पृष्ठभाग उजवीकडे सरकतो. चामड्याने चेंडू धरलेला असल्याने क्यूचे टोकही उजवीकडे ओढले जाते. टोकाला स्वतःचे जडत्व आहे. ते या ओढीला विरोध करते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे चेंडूवर डावीकडे बल लागते. परिणामी चेंडू नेम धरला त्या रेषेत न जाता किंचित डावीकडे जातो. हे विचलन दोन अंशांचे धरले तरी दोन मीटर अंतरावर चेंडू ७ सेंटिमीटर चुकतो, म्हणजे चेंडूच्या स्वतःच्या जाडीपेक्षा जास्त.

अनुभवी खेळाडूंना हे विचलन ठाऊक होते. ते नेम धरतानाच तेवढी चूक उलट्या बाजूला धरीत आणि म्हणूनच स्वतःचा क्यू सहसा बदलत नसत. प्रश्न असा की हे विचलन काठीतल्या कोणत्या वजनामुळे होते?

एक सहस्रांश सेकंद

चामड्याची चकती चेंडूला टेकलेली असते तो काळ सेकंदाच्या एक-दोन सहस्रांशाएवढा. एवढ्या वेळात टोकाला बसलेला आडवा धक्का लाकडातून लहरीच्या रूपाने फार तर टोकामागच्या १५-२० सेंटिमीटरपर्यंत पोचतो. त्यापलीकडच्या काठीला टक्कर झाल्याची वार्ता कळेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. बुडातले शिसे, मधला सांधा, उजव्या हाताची पकड यांपैकी कशाचाच या विचलनाशी जवळजवळ संबंध नाही. संबंध आहे तो टोकाजवळच्या वीतभर लाकडाच्या वस्तुमानाशी.

१९९० च्या दशकात अमेरिकेत यंत्राने फटके मारून क्यूंची तुलना होऊ लागली. प्रिडेटर नावाच्या कंपनीने टोकाच्या बाजूने आतून पोकळ केलेला आणि उभ्या पाचरी जोडून बनवलेला दांडा बाजारात आणला. टोकाशी असलेले पांढरे टोपणही आखूड आणि हलके केले. काढलेले वजन थोडेच होते, पण ते नेमक्या जागेवरचे होते, म्हणून विचलन चांगलेच घटले. पुढे कार्बन तंतूंचे पोकळ दांडेही आले.

शतकानुशतके चाललेला वजनाचा मागे सरकण्याचा प्रवास असा शेवटच्या विताशी येऊन पोचला. मात्र यामुळे जुने सुतार चुकीचे ठरत नाहीत. ते हाताच्या प्रश्नाचे उत्तर शोधत होते आणि ते त्यांना बरोबर सापडले. चेंडूचा प्रश्न वेगळा होता. 'या काठीचा तोल चांगला आहे' असे म्हणताना हे दोन प्रश्न एकत्र होत, आणि ते वेगळे करायला यंत्राचा निर्विकार हात लागला.

करून पाहा

क्यू मिळाला नाही तरी चालेल. मीटरभर लांबीची सरळ काठी दोन दोऱ्यांनी आडवी टांगा. तिच्या पुढच्या टोकाला बाजूने, कॅरमच्या स्ट्रायकरला मारतो तशी टिचकी मारा. टोक चटकन सरकते. आता मूठभर ओली माती त्याच टोकाला चिकटवा आणि पुन्हा टिचकी मारा. बोटाला फरक जाणवेल. मग तीच माती काढून मागच्या टोकाला लावा. काठीचे एकूण वजन तेवढेच आहे, पण पुढचे टोक पहिल्याइतकेच नसले तरी पुष्कळ सहज सरकते. प्रत्येक वेळी काठीचा गुरुत्वमध्य बोटावर तोलून नोंदवून ठेवा.

यानंतर मुलांना विचारा, "काठी जड झाली का?" काही जण म्हणतील हो, काही नाही. त्यांना उत्तर सांगण्याची घाई करू नका. "कुणासाठी? उचलणाऱ्या हातासाठी, की टिचकी मारणाऱ्या बोटासाठी?" असा उलट प्रश्न विचारा. तो मुलांच्या लक्षात आला, की सुरुवातीच्या खराट्याचे कोडे पुन्हा घाला आणि या वेळी तुकडे खरोखरच तराजूत घालून दाखवा. खराटा जुना असेल तर कापायला हरकत नाही.